फळ्यावरची दुरुस्ती

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

बातमी लागली, आणि अशी लागली की संध्याकाळपर्यंत लाखभर लोकांनी वाचली. 'तुमच्या ताटातल्या मासळीला फॉर्मलिन?' प्रश्नचिन्ह सुयोगने टाकायला लावलं. ते असलं की वकील मंडळी शांत झोपतात म्हणे. दोन महिने मी या बातमीच्या मागे होते. बाहेरगावच्या ट्रकांमधले नमुने, मासळी टिकवायला मारलेल्या त्या रसायनाचा प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं कागदावर आहे माझ्याकडे.

सुयोग आमच्या पोर्टलचा संपादक, वय वर्षं एकतीस. कांजूरच्या ऑफिसात कचऱ्याच्या डम्पिंगच्या वासामुळे खिडक्या कायम बंद, त्यामुळे तो ओरडला की अख्ख्या मजल्याला ऐकू येतं. ओरडला, "हेमांगी, यार, झकास! वर बोललोय मी. एक डिसेंबरपासून मराठी डेस्क तुझा." वीस वर्षं छापील पेपरात काढली, मग पुरवणी बंद झाली, मग तीन वर्षं इथे पोराटोरांच्या हाताखाली. शेहेचाळिसाव्या वर्षी डेस्क मिळतोय. आनंद झाला. मुद्दाम लिहून ठेवते, कारण मी आनंद विसरते आणि अपमान तेवढे लक्षात ठेवते.

घरी बाबांना मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि एवढंच विचारलं, "हा फोटो कुठला गं?"

"माझाच. नारळी पौर्णिमेला आपल्या बाजारात काढलेला. फाइल फोटो आहे."

"तसं खाली लिहिलेलं दिसत नाही."

म्हटलं, बाबा, बातमी वाचा. फोटो काय बघत बसलात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काल संध्याकाळीच फोटोवरून एक फोन आला होता म्हणे ऑफिसात. फोटोत कोळीण दोन्ही हातांत सुरमई धरून हसतेय आणि मागे बर्फाच्या पेटीवर रंगवलंय, 'कल्पिता, ओटा १२'. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'संग्रहित छायाचित्र' लिहायचं राहिलं, घाई होती. डेस्कवरच्या पोरीने त्या फोननंतर तीन तासांत फोटो काढून बर्फाचा कुठलातरी लावला. विषय संपला.

बाबांनी बोंबील आणले. मस्त होते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बुधवारी बोंबील, गुरुवारी काहीतरी आणून कुठेतरी दिलं, काल मांदेली, आज परत बोंबील. दोन माणसांचं घर आमचं! फ्रिज उघडला की बंदरावर उभं राहिल्यासारखं वाटतं. "बाबा, जरा हात आवरा," म्हटलं तर म्हणाले, "मार्गशीर्ष लागला की महिनाभर नाहीच आहे."

ते गॅलरीत फळा लिहीत होते. ही त्यांची सवय लांज्याची. तिथे हायस्कुलात क्लार्क होते, पण गाव त्यांना ओळखायचं ते बाजारपेठेतल्या वार्ताफलकासाठी. सकाळी सातच्या रेडिओच्या बातम्या ऐकायच्या, दुपारी एस.टी.ने पेपर आला की तो चाळायचा आणि शाळेतल्या उरलेल्या खडूंनी चौकातला फळा लिहायचा. एकतीस वर्षं, एक पैसा न घेता. मी पत्रकार झाले ते त्या फळ्यापायी. निवृत्त झाल्यावर लोकांना घड्याळं मिळतात, बाबांना शाळेने दोन बाय तीनचा फळा दिला. तो घेऊनच मुलुंडला आले. रोज तीन ठळक बातम्या लिहितात. वाचणार कोण, तर मी आणि भांडीवाली.

त्यांचा एक नियम मात्र अख्ख्या लांज्याला पाठ होता. फळ्यावर चुकलं तर पुसायचं नाही. चुकीवर एक रेघ मारायची, खाली दुरुस्ती, खाली सही. लोक थट्टा करायचे, "शिवदास शेट्ये स्वतःच्या चुकीचीपण बातमी करतो." लहानपणी मला लाज वाटायची.

संध्याकाळी बोरिवलीहून जयाआत्याचा फोन, बाबांची धाकटी बहीण. एकेक आकडा मोठ्याने वाचून तीनदा तपासून फोन लावते ती, अगदी सख्ख्या भावाचा नंबरसुद्धा. गॅसचा नंबर, बसचा नंबर, सगळं तीनदा. आम्ही भाचरं तिला 'ऑडिटर' म्हणतो. बाबा त्या थट्टेत कधी हसत नाहीत, आज परत पाहिलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज हद्द झाली. सोमवार, आणि बाबा कोळंबी घेऊन आले! आमच्याकडे सोमवार-गुरुवार चुलीवर मासा चढत नाही, आई गेली तरी ते आम्ही पाळलंय. विचारलं तर म्हणतात, "वॉचमनला देतो की."

"मग आणलीतच कशाला?"

"ताजी होती."

हे वयाचं असणार. सत्त्याहत्तर पूर्ण. वार विसरायला लागले, उद्या घर विसरतील. भीतीच वाटली. मी बाहेर दिवसभर, ते एकटे. गुरुवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली, त्यांना रुटीन चेकअप आहे म्हणून सांगितलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

डॉक्टरांनी बाबांना शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबा दोनपर्यंत न चुकता उतरले आणि वर म्हणाले, "आता उलटं जोडत जाऊ का?" डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. घरी सोडलं. सोडताना बघते तर हे रिक्षातून उतरून बाजाराकडे वळले. गुरुवारी! बोलायला वेळ नव्हता.

दुपारी ऑफिसात खालून फोन, कोणी बाई आल्यात, वर सोडत नाही आहोत. गेले. गेटपाशी फोटोतली कल्पिता उभी. इथल्याच कांजूर गावातली, धंदा तेवढा मुलुंडला. मी लगेच ओळखलं नाही, हसत नव्हती ना.

"मना ओळखलंस काय गो? पुनवेला आलीस, म्हनलीस हस, म्हनून हसले. तेच हसू लावलंस त्या बातमीवर?"

म्हटलं, अहो, फोटो काढला आम्ही, त्याच दिवशी काढला.

"काढलास, तीच तर वाट लागली! लोकांच्या मोबाइलात हाय, तुज्या हापिसात नाय. गिऱ्हाईक दाखवतंय, ही तूच ना? मी म्हनते मीच, पन ते औषध मारलेलं मावरं माझं नाय, चुकून लावलाय. म्हनतात, मग पेपरवाल्यांनी तसं छापलं असतं. तुज्या हापिसात फोन केला तर पोरगी म्हनते, असा फोटोच नाय आमच्याकडं. मंजे मीच खोटी?"

ती पुढे बोलत राहिली. सासूच्या वेळेपासूनचा ओटा. दिवाळी ते मार्गशीर्ष हेच दिवस धंद्याचे, पुढच्या शुक्रवारी मार्गशीर्ष लागला की महिनाभर शुकशुकाट. त्याआधी नाव धुतलं गेलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसेल, ते परत येत नाही. "एक म्हातारा तेवढा येतो रोज. सोमवार नाय, गुरवार नाय. त्याच्यावर काय धंदा चालतो?"

मी म्हटलं, बघते काहीतरी. ती म्हणाली, "बघू नको, लिव."

लिफ्टमध्ये डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हाताऱ्याचं मात्र कौतुक वाटलं. असतात अशी माणसं अजून मुंबईत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सुयोगशी बोलले. मी म्हटलं, दोन ओळींची दुरुस्ती टाकू, माझ्या नावाने टाकू.

"वेडी आहेस का तू? दुरुस्ती म्हणजे कबुली. उद्या ती नोटीस पाठवेल. आणि ज्या बातमीवर तुला डेस्क मिळतोय तिच्यातच चूक होती असं तूच सांगणार? वरचे काय म्हणतील?"

"पण चूक झाली ना रे."

"झाली, आणि आपण नीट केली. आता तिथे काही नाहीच आहे, तर दुरुस्ती कशाची करणार?"

पटलं नाही, पण जागेवर येऊन कामाला लागले. रात्रीपर्यंत मनाशी असं जुळवलं, की एक तारखेला डेस्क हातात आला की पहिला नियम हाच करेन, चूक झाली तर छापायची. आज अडून बसले तर डेस्क जाईल आणि नियमही होणार नाही. कल्पिताला थोडं थांबावं लागेल. हे सगळं बरोबर आहे. बरोबर आहे तर मग मी इतकं लांबलचक का लिहितेय, कळत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी स्वतः बाजारात गेले. म्हटलं निदान किलोभर पापलेट घ्यावं तिच्याकडून, तेवढाच जिवाला दिलासा. बारा नंबरच्या ओट्यापाशी उलट्या क्रेटवर बसून एक म्हातारा पेपर वाचत होता, कल्पिताला मोठ्याने वाचून दाखवत होता. बाबा.

मी तिथेच खांबाआड थांबले. आजूबाजूच्या ओट्यांवर गर्दी, हिच्याकडे कोणी नाही. आणि मी बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं! अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती मला. तशीच घरी आले.

दुपारी जेवताना म्हटलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"फोटो पाहिला तेव्हाच. बाई ओळखीची आहे माझ्या."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कालवलेला भात परत कालवला. मग म्हणाले, "कुठल्या तोंडाने बोलणार? मी पुसलंय एकदा."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहिते. १९७४चा जून. जयाआत्या अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. आजोबांनी कबूल केलं होतं, पास झाली तर रत्नागिरीला मास्तरणीच्या कोर्सला पाठवतो. त्याच वेळी मुंबईचं एक स्थळ येऊन बसलं होतं, पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होते. दुपारी पेपर आला. त्यातले लांजा केंद्राचे पास झालेले नंबर बाबांनी फळ्यावर उतरवून काढले. उतरवताना एक ओळ सुटली. त्या ओळीत सहा नंबर होते आणि त्यातला एक सख्ख्या बहिणीचा.

"गर्दी इतकी की मला उसंत नव्हती. तिने येऊन पाहिलं आणि न बोलता घरी गेली. वडिलांनी पाहिलं. संध्याकाळी पाहुण्यांना शब्द देऊन झाला होता. मी घरी आलो, तिचं तोंड पाहिलं आणि पेपर उघडला. नंबर होता."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"पहाटे जाऊन ओल्या फडक्याने फळा पुसला आणि सगळा नव्याने लिहिला, नीट. सकाळी लोक म्हणाले, हे काय, नंबर तर आहे! जया म्हणाली, काल नव्हता. वडील म्हणाले, तुझी नजर चुकली. मीही तिथेच उभा होतो, हेमा. मीही म्हणालो, चुकली असेल."

शब्द दिला तो दिला, लग्न झालं. नियम त्यानंतरचा. बाबांचा तो नियम मी कॉलेजात, मुलाखतीत, नव्या पोरांना कौतुकाने सांगत आलेय. आज कळलं तो कशातून निघाला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजता स्वतःच्या लॉगिनने बातमी उघडली आणि सगळ्यात वर टाकलं:

'दुरुस्ती: ४ नोव्हेंबरला या बातमीसोबत मुलुंडच्या मासळी बाजारातील कल्पिता भोईर यांचा फोटो लागला होता. त्यांचा आणि त्यांच्या मासळीचा या बातमीशी काहीही संबंध नाही. फोटो मी लावला, चूक माझी. हेमांगी शेट्ये.'

चाळीस मिनिटं राहिली. मग उतरवली आणि माझं लॉगिन बंद. सुयोग ओरडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "डेस्कचं आता विसर. नोकरीचं मी बघतो, पण माफीचा मेल टाक."

"कुणाची माफी मागू? जिची मागायची तिची तू उतरवलीस."

बॅग उचलून बाहेर पडले. तेवीस वर्षांत बातमीपायी कोणी मला माफी मागायला लावलं नव्हतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "चाळीस मिनिटांत किती जणांनी वाचली?" म्हटलं, शंभरएक असतील. ते उठले, गॅलरीत गेले आणि फळ्यावरच्या तिन्ही बातम्या पुसून फळा माझ्यासमोर आणून ठेवला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

साडेसातला बाजारात. फळा बर्फाच्या पेटीला टेकवला. खडू हातात घेतला आणि अक्षर येईना, मोबाइलवर बोटं चालवून हात विसरलाय. कल्पिता कमरेवर हात ठेवून उभी. तीच दुरुस्ती लिहिली, खाली माझं नाव, खाली फोन नंबर.

"माझं नाव बारीक आलंय," कल्पिता म्हणाली. "बातमीत मोठ्ठं होतं."

पुसायला हात गेला तसे बाबा खेकसले, "अंहं!" मग रेघ मारून वर मोठ्या अक्षरात परत लिहिलं. शेजारच्या ओट्यावरच्या बाया हसून हसून बेजार. एकीने विचारलं, "ही कोन गो?" कल्पिता म्हणाली, "हीच ती." मग जरा थांबून, "म्हाताऱ्याची पोरगी."

दहापर्यंत मी फळ्यापाशी उभी होते. लोक थांबून वाचत होते, फोटो काढत होते. एक बाई वाचून म्हणाली, "असेल बाई, पण नकोच," आणि पुढे गेली. एका गृहस्थाने पापलेटची जोडी घेतली. मग आमच्याच सोसायटीतल्या दोघी आल्या, भाव करून घासाघीस करून कोळंबी घेतली. घासाघीस केली म्हटल्यावर कल्पिताच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. दयेने घेणारे भाव करत नाहीत, हे बाबांकडे बघून म्हणाली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मार्गशीर्ष लागला. बाजार रिकामा. काल अमावस्या आणि वर गुरुवार, तरी कल्पिताची पाटी दुपारपर्यंत निम्मी झाली होती. निम्मीच. पण तिने फळ्याचा फोटो सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवलाय आणि महिना संपला की नव्याने बघू म्हणालीय.

मी राजीनामा पाठवला. माफीचा मेल नाही पाठवला. पुढे काय, माहीत नाही. घाबरले आहे, झोप मात्र लागते.

बाबांना विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"आत्याचं. मला फळा आणून दिलात, स्वतःचं काय?"

"एक्कावन्न वर्षं झाली, हेमा. आता सांगून तिला काय मिळणार?"

म्हटलं, सुयोगपण हेच म्हणत होता. त्यावर ते उठून गॅलरीत जाऊन बसले.

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी बाबा कपडे करून तयार, बाजारातून परत आणलेला फळा चादरीत गुंडाळलेला. "बोरिवलीला जायचंय."

टॅक्सीत फळा पुढच्या सीटवर. आत्याने दार उघडलं, "दादा, अरे कळवायचं तरी! आणि हे काय उचलून आणलंस, दरवाजा?" अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेत, तोंड शाबूत. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. मुलांचे संसार वेगळे. चाळीतल्या बायकांना शिवण शिकवून तिने तिन्ही मुलांना वाढवलं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

बाबांनी फळा सोफ्यावर टेकवला. म्हणाले, "जये, मला बोलता येणार नाही. लिहितो." आणि तिच्याकडे पाठ करून लिहायला लागले. अक्षर अजून तसंच, लांज्याच्या चौकातलं.

'दुरुस्ती. जून १९७४च्या मॅट्रिकच्या निकालात क्रमांक १८२४६, जया शेट्ये, हा लिहायचा राहिला होता. उमेदवार उत्तीर्ण. वाचणारीची नजर चुकली नव्हती. चूक लिहिणाऱ्याची, आणि त्याने ती पुसून लपवली. शिवदास शेट्ये.'

आत्या वाचत होती. मी तिचे ओठ पाहत होते. आकडे तिने एकदा वाचले, परत वाचले, तिसऱ्यांदा वाचले. आम्ही जिला ऑडिटर म्हणून हसायचो ती हीच सवय.

"म्हणजे नव्हता," ती म्हणाली. "आदल्या दिवशी नव्हता."

"नव्हता."

"मी म्हणत होते ना."

"म्हणत होतीस."

ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू होता. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे बसून राहिले. मी उठले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

ती बाहेर आली, पदराने तोंड पुसत. फळ्यासमोर उभी राहिली.

"नुसतं उत्तीर्ण काय लिहिलंस? सेकंड क्लास होता मला. तो कोण लिहिणार?"

बाबांनी खडू उचलला. 'उमेदवार उत्तीर्ण'च्या पुढे जागा नव्हती, म्हणून वरती बाण काढून लिहिलं, 'द्वितीय श्रेणीत'.

मग तिने दार उघडून शेजारच्या दीप्तीला हाक मारली. ती पोरगी हातात लाटणं घेऊनच आली.

"वाच," आत्या म्हणाली. "मोठ्याने वाच, सगळं. नंबरसकट."

दीप्तीने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. आत्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. बाबा रडत होते, अगदी उघड. वाचून झाल्यावर आत्या म्हणाली, "दादा, फळा इथेच राहील," आणि चहा टाकायला गेली.